तगलेला परिच्छेद

खोब्रागड्यांच्या घरी वाढदिवसाला मेणबत्त्या फुंकत नाहीत. केक असतो, तो लेकरांच्या हट्टापायी. पण त्याआधी सगळ्यांनी सतरंजीवर बसायचं आणि कुणीतरी एका पुस्तकातलं एक पान मोठ्यानं वाचायचं. ही रीत उत्पलाच्या वडिलांनी घालून दिलेली. जन्मभर सायकलवरून टपाल वाटलेला माणूस. बोलणारा शब्द फिरवतो, छापलेलं फिरत नाही, असं ते येताजाता ऐकवायचे. अलीकडे या सतरंजीवर दुसऱ्या कुणाचं पुस्तक निघतच नव्हतं. घरात एवढी मोठी लेखिका असल्यावर कशाला निघेल?

तर ब्रह्मपुरीच्या त्या घरात सुमेधाचा तिसरा वाढदिवस होता. उत्पला नागपूरहून सकाळीच आली होती. कॉलेजात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, जिभेनं जरा तिखट अशी ही बाई भाचीच्या लेकीपुढं मात्र मेणाहून मऊ होत असे. (भाची म्हणजे भावाची मुलगी, संघमित्रा. घरात सगळे मित्राच म्हणतात.) मित्रानं पोरीला मांडीवर घेतलं, वाचनपाटी उजळली आणि 'बदलत्या देहाची गोष्ट' उघडलं. लेखिका उत्पला खोब्रागडे. उत्क्रांतीवरचं सोप्या मराठीतलं पुस्तक. उत्पला भिंतीला टेकून बसली. आपलं लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना बरं वाटतंच, उगाच नाही कशाला म्हणा!

मित्रा वाचू लागली. "सिकलचं जनुक हा आजार नव्हे. रानानं आपल्या लेकरांना दिलेलं ते कवच आहे. ज्याला ते आई आणि बाप दोघांकडून मिळालं, त्याचं कवच दुप्पट. कवच अंगात मुरताना दुखतं. दुखतं आहे म्हणजे ते काम करतं आहे. औषधानं त्याची धार घालवू नये."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धम्मपालदादानं, म्हणजे मित्राच्या वडिलांनी, बहिणीकडं कौतुकानं पाहिलं. उत्पलाच्या तोंडात लाडू होता, तो तिथंच राहिला. यातलं एकही वाक्य तिनं लिहिलेलं नव्हतं.

ती मित्राच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली.

"मित्रा, मेधूची कॅप्सूल कुठाय?"

"बंद केली ना." मित्रा केक कापायची सुरी शोधत होती. "दोन महिने होत आले. मस्त खेळते बघ."

"बंद केली? कुणाला विचारून?"

"अगं बाई! तुलाच विचारून की. तुझ्याच पुस्तकात आहे." मित्रा हसली. "डॉक्टर काय, रोज घ्या म्हणून सांगतात आणि मोकळे होतात. तू कारण सांगतेस."

उत्पलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बाहेर पोरं होती, केक होता, आणि पायरीवर बसून सुमेधा केकवरची चेरी चाटत होती. तिला फुगा फुगवायची भारी हौस. फुग्यापेक्षा तिचेच गाल जास्त फुगायचे.

या पोरीच्या रक्ताचं थोडं सांगायला हवं. सिकलसेलचं बदललेलं जनुक एकाच बाजूनं आलं, तर माणूस धडधाकट राहतो आणि जीवघेण्या मलेरियातून वाचायची त्याची शक्यता वाढते. म्हणून तर हजारो वर्षं मलेरियाच्या मुलखांत हे जनुक टिकून राहिलं. दोन्ही बाजूंनी आलं, की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठरतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग दुखणं, रक्त कमी होणं, साध्या जंतूनंही पोर हातची जाणं. मित्रा आणि नोकरीपायी बाहेरगावी असलेला तिचा नवरा सुगत, दोघांकडं एकेक जनुक. सुमेधाकडं दोन आली. आता नागपुरात जनुक दुरुस्त करायची सोय झाली होती. पण पोर पाच वर्षांची व्हावी लागे, आणि तोवर मेंदूला, फुप्फुसाला इजा झालेली चालत नसे. तोवरचा पूल म्हणजे ती रोजची कॅप्सूल. तिनं शरीर जन्माआधीचं हिमोग्लोबिन पुन्हा बनवू लागतं, आणि ते वाकत नाही. म्हणजे प्रश्न दोन वर्षं पोर सांभाळायचा होता. तोच पूल मित्रानं उचलून बाजूला ठेवला होता.

पाहुणे पांगल्यावर उत्पलानं अंगणातल्या बाजेवर बसून पुण्याला श्रीरंगला व्हिडिओ लावला. श्रीरंग तिचा संपादक. हुशार, गोडबोल्या, आणि कुठल्याही संकटात चहा पीत बसणारा.

"कुणी लिहिलं हे माझ्या नावावर?" तिनं नमस्कारही घातला नाही.

"कुणीच नाही, मॅडम."

"श्रीरंग, मी म्हातारी झाले असेन, खुळी नाही झाले!"

"खरंच कुणी नाही. जिवंत आवृत्ती आहे ही. तुम्हीच प्रकाशन समारंभात केवढ्या खुशीत सांगितलं होतं, उत्क्रांतीचं पुस्तक आता स्वतःच उत्क्रांत होणार म्हणून."

सांगितलं होतं खरं. यंत्र तसं साधं. प्रत्येक परिच्छेदाच्या थोड्याथोड्या वेगळ्या अनेक नकला ते करतं, कुठं एखादा शब्द बदलून, कुठं वाक्य तोडून. निरनिराळ्या वाचकांना निरनिराळी नक्कल दाखवतं. जी शेवटपर्यंत वाचली जाते, परत उघडली जाते, मैत्रिणीला पाठवली जाते, ती तगते आणि तिच्या आणखी नकला होतात. जी सोडून वाचक पुढं जातो, ती मरते. भिन्नता, वारसा, निवड. उत्पला हे तीन शब्द जन्मभर फळ्यावर लिहीत आली होती. तिला वाटलं होतं, यानं भाषा सोपी होईल, उदाहरणं गोड होतील. निवड खऱ्याची होत नाही, जगणाऱ्याची होते, हे पोरांना पाठ करून घेणारीच ती. पण आपल्याच पुस्तकाची वेळ आली तेव्हा बाई विसरली.

श्रीरंगनं त्या परिच्छेदाची वंशावळ तिला पाटीवर पाठवली. बुडाशी तिचा मूळ मजकूर होता. चार पिढ्यांनंतर 'संरक्षण' या शब्दाचं 'कवच' झालं होतं, वाचकांना आवडलं. मग 'एकच प्रत असल्यास' हे शब्द गळले. त्यांच्यापाशी लोक अडखळत होते. मग रान आलं. मग लेकरं आली. औषधाचं वाक्य तर एका फांदीवर अगदी अलीकडं फुटलं होतं, आणि तिथून पुढं झाड नुसतं फोफावलं होतं. प्रत्येक पायरीला बदल चिमूटभर. कुणीही खोटं बोललं नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर उत्पलाला ते झाड सुंदर वाटलं. जन्मात बघितलं नव्हतं असं प्रात्यक्षिक. ती कितीतरी वेळ बोटानं फांद्या सरकवत बसली, आणि मग आत सुमेधा खोकली तशी दचकली आणि स्वतःचीच लाज वाटून उठली.

"मूळ परिच्छेद परत घाल. आत्ता."

"घालतो. पण टिकणार नाही. लोक वाचणारच नाहीत, दोन दिवसांत परत हाच वर येईल. निवडीचा दाब तोच आहे ना, मॅडम."

"मला शिकवतोस?"

"तुमच्याच पुस्तकात आहे," श्रीरंग म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच वाईट वाटलेलं दिसलं.

"मग आवृत्तीच बंद कर."

"तुम्ही म्हणाल तर करावी लागेल, हक्क तुमचा आहे. पण एकदा विचार करा. कागदी प्रती संपून जमाना झाला. ही बंद झाली की तुमचं पुस्तक कुणी वाचणार नाही. आणि हा परिच्छेद पाठवून पाठवून केव्हाच बाहेर पडलाय, तो काही बंद होत नाही."

उत्पला नागपूरला परत गेलीच नाही. भावाकडं ठिय्या मारला. मूळ परिच्छेद रोज मरताना बघायची आणि रोज नवीन लिहायची. 'कवच' शब्द ठेवून खरं सांगता येतं का बघितलं. गोष्ट लिहिली. प्रश्नोत्तरं लिहिली. एकही तगेना. बाई चिडचिडी झाली, जेवणावरून उठू लागली, चहा गार होऊ लागला. दादा म्हणाला, "उत्पले, तू काहून स्वतःच्याच पुस्तकाशी भांडून राहिली?"

"ते माझं नाहीये, दादा!"

"तुझं नाव आहे ना त्यावर."

मित्रा तर मानायलाच तयार नव्हती. उत्पलानं तिला झाड दाखवलं, नकला दाखवल्या, सगळं यंत्र समजावून सांगितलं. मित्रा बँकेत अधिकारी. काही अडाणी नव्हे, सगळं कळलं तिला. कपडे वाळत घालता घालता तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे हे लोकांना पटलं म्हणून टिकलं," ती म्हणाली.

"आवडलं म्हणून. पटणं वेगळं."

"आत्या, तुझं कागदी पुस्तक मी कॉलेजात असताना वाचलंय. मेधूचं निदान झालं त्या दिवशी परत काढलं. तेच पान. काय लिहिलंयस आठवतं?"

उत्पलाला आठवत होतं. चांगलं घोटून लिहिलेलं वाक्य होतं ते.

"'काही मुलं दगावतात, पण लोकसंख्येच्या हिशेबात ही किंमत परवडते.'" मित्राच्या हातात सुमेधाचं झबलं होतं, ते तिनं पिळून पिळून कोरडं केलं. "माझी पोर किंमत आहे का गं? परवडली का कुणाला?"

"ते गणित आहे, मित्रा. निसर्गाचं. मी—"

"असेल ना. मला कुठं गणित चुकीचं म्हणायचंय! मी ते पुस्तक मिटलं आणि न्हाणीघरात जाऊन रडले. मग पाटीवर हे आलं. रानाचं लेकरू म्हटलं तिला. तू नाही म्हटलंस, यंत्रानं म्हटलं. बरं, म्हटलं तर कुणीतरी!"

उत्पला दिवसभर मागच्या अंगणात येरझाऱ्या घालत राहिली. तिनं ते वाक्य मनात पन्नासदा फिरवून बघितलं. विज्ञान म्हणून त्यात खोट नव्हती. पण मांडीवर पोर असलेल्या बाईच्या बाजूनं बघितलं, की ते वाचायचा धीर होत नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी सुमेधा रडत उठली. हाताची बोटं, पावलं सुजून टम्म झाली होती, अंग तापलं होतं. हात लावू देईना. दादा अंगणात धावला, रिक्षावाल्याला फोन लावू लागला. मित्रा मात्र पोरीला छातीशी धरून भिंतीला टेकून बसली होती, आणि तिच्या दुसऱ्या हातात पाटी होती.

"मित्रा, ऊठ. दवाखान्यात."

"थांब जरा. मुरतंय ते. ताप येतोच असं आहे यात." मित्रा पाटीवरून नजर न काढता म्हणाली. पाटी तिची नजर ओळखत होती, कुठं रेंगाळते, कुठं पळते. त्या क्षणी पाटीनं पुढं केलेलं वाक्य उत्पलानं उलट्या बाजूनं वाचलं: ताप म्हणजे कवच जागं होणं, आईनं फक्त जवळ राहायचं. घाबरलेल्या आईला त्या वेळी जे ऐकायचं असतं, तेच नेमकं.

उत्पलानं पाटी हिसकावली नाही. हिसकावावी असं फार वाटलं, हात पुढं गेलाही होता. पण सकाळीच तिनं श्रीरंगला एक प्रश्न विचारून ठेवला होता, आणि त्याचं उत्तर तासाभरापूर्वी आलं होतं. ती मित्रासमोर जमिनीवर बसली.

"मित्रा, माझं एकच ऐक. मग तुला वाटेल ते कर. हे वाक्य टिकलं, कारण वाचणारे परत परत आले. बरोबर? जे परत आले तेवढेच यंत्रानं मोजले."

"मग?"

"जे परत आलेच नाहीत त्यांचं काय? मी श्रीरंगला विचारलं. हे पान दहा-दहा वेळा वाचणाऱ्या आया आहेत. रोज वाचणाऱ्या. त्यांतल्या बऱ्याच एका दिवशी एकदम थांबल्या. त्यानंतर पुस्तक उघडलंच नाही."

मित्रानं पोरीला आणखी जवळ ओढलं.

"का थांबल्या ते मला माहीत नाही. खोटं नाही सांगणार. कुणाला कंटाळा आला असेल, कुणाची पाटी बिघडली असेल. पण जिचं लेकरू गेलं, ती बाई हे पान परत उघडेल का गं? आणि तिनं नाही उघडलं, तर यंत्राला कळेल कसं? या पानाला फक्त जिवंत पोरांच्या आया माहीत आहेत. ज्यांची गेली, त्यांनी पुस्तक मिटलं. त्यांना कुणी विचारलंच नाही."

सुमेधा कण्हली. मित्रानं तिच्या सुजलेल्या बोटांकडं पाहिलं, मग पाटीकडं. पाटीवर मजकूर सरकला. तिची नजर ढळली म्हणून यंत्रानं आणखी गोड वाक्य पुढं केलं होतं. मित्रानं ते बदलताना पाहिलं. आजवर कदाचित तिनं ते कधी बघितलंच नव्हतं.

"बाबा!" ती एकदम ओरडली. "रिक्षा आली का? काहून उशीर लावते तो!"

दवाखान्यात सुमेधाला लगेच सलाइन लावलं, अँटिबायोटिक दिलं, दुखणं कमी व्हायचं औषध दिलं. संध्याकाळ व्हायच्या आत ताप उतरू लागला. डॉक्टरीणबाई तरुण होती, मित्राला खडसावणार होती; पण तिचा चेहरा बघून नुसतं म्हणाली, "वेळेत आणलंत. फुप्फुस साफ आहे, डोक्यालाही धक्का नाही. नागपूरचा नंबर जात नाही हिचा. उद्यापासून कॅप्सूल चालू." मित्रा खाटेच्या कठड्याला धरून हमसून हमसून रडली. उत्पलानं तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं झटकला नाही.

मग उत्पला व्हरांड्यात गेली, श्रीरंगला फोन लावला आणि म्हणाली, "बंद कर."

"मॅडम, पुन्हा एकदा—"

"बंद कर, श्रीरंग. माझं नाव काढून नाही, पुस्तकच बंद कर. वाचणार नाहीत तर नाही वाचणार."

तो हळूच म्हणाला, "करतो. माझ्या बायकोनंही पाठवला होता तो मला. तिच्या बहिणीचं मूल..." आणि पुढं त्यानं वाक्य पुरं केलं नाही. उत्पलानं विचारायच्या आत फोन ठेवला गेला होता. तिनं परत लावला, लागला नाही. आता कुठल्या बहिणीचं, कुठल्या गावचं मूल, काय झालं त्याचं? तिला व्हरांड्यात उभं राहवेना.

ती वॉर्डात परत आली तर पलीकडच्या खाटेवर एक नवी बाई आलेली होती. चोळामोळा झालेलं लुगडं, कडेवर पाच-सहा वर्षांची पोरगी, पोरगीचे डोळे पिवळे. बाई तिला थोपटत होती आणि पाटीवरून हळू आवाजात वाचून दाखवत होती. "दुखतं आहे म्हणजे ते काम करतं आहे..." पुस्तक बंद झालेलं असो की नसो, हिच्याकडं ते कुणीतरी पाठवून ठेवलेलं होतं.

मित्रानं ते ऐकलं. तिनं डोळे पुसले आणि खाटेपलीकडं वाकली.

"ताई, ते वाचू नका."

"काहून वो? लई मोठ्या बाईनं लिहिलंय ते. खोब्रागडे मॅडमनं."

"माहीत आहे. ह्याच त्या." मित्रानं आत्याकडं बोट दाखवलं. "माझी आत्या आहे."

बाईनं उत्पलाकडं पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला. पोरीला सावरत ती उठायला लागली, पाया पडायला. "तुम्हीच काय, माय! अवो, तुमच्या ह्या ओळींवर दिवस काढून राहिले मी. माझ्या घरच्यांनं तर आशाच सोडली होती. मी म्हटलं, मॅडमनं लिहिलंय, छापलंय, खोटं कसं राहील!"

उत्पलानं तिचे हात मध्येच धरले. काय सांगायचं ते तिला पाठ होतं. गेले चार दिवस ती तेच लिहीत होती, पुसत होती. एक प्रत, दोन प्रती, वाकलेल्या पेशी. पण बाईचा अंगठा पाटीवरच होता. एखादं कडू वाक्य आलं की सरकवून पुढं जायची सवय असलेला अंगठा.

"सांग ना," मित्रा हळूच म्हणाली. "पण नीट सांग."

उत्पलानं स्टूल ओढलं, खाटेजवळ बसली. पोरगी तिच्याकडं टकामका बघत होती. उत्पलानं तिचं सुजलेलं पाऊल, दुखणार नाही अशा बेतानं, आपल्या तळहातावर घेतलं. लहान मुलाचं पाऊल असून किती गरम होतं ते!

"हिचं नाव काय?" तिनं विचारलं.

बाईचा अंगठा थांबला.

"आचल," ती म्हणाली, आणि पाटी बाजूला ठेवून लेकीचे केस कानामागं सारू लागली.